नाक ओढा, कान ओढा, पण माणूस तोच राहू द्या : विद्रूप पोर्ट्रेट रंगवायची पूर्ण पद्धत

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढं, निम्मं आयुष्य मिलमध्ये आणि मिल बंद पडल्यावर उरलेलं पॉवरलूमवर गेलं, आणि मागाच्या खडखडाटानं कान अधू झालेत. त्यामुळं कुणी बोलायला लागलं की ते मान पुढं काढतात, तळहात कानामागं धरतात, तोंड जरा उघडं राहतं आणि सगळा चेहरा त्या एका कानाकडं ओढल्यासारखा होतो. मी त्यांचं पहिलं पोर्ट्रेट केलं तेव्हा नाक मोठं केलं, कान मोठे केले, डोळे बाहेर काढले, हनुवटी लांबवली, म्हणजे जे जे वाढवता येईल ते सगळं वाढवलं. चित्र दिसायला भयंकर झालं पण ते आजोबा आहेत हे गल्लीतल्या एकालाही कळलं नाही. दुसरं केलं त्यात फक्त कान आणि तोंडाचा खालचा भाग धरला, आणि लांबून बघूनच लोक ओळखायला लागले. या दोन चित्रांच्या मधे जे शिकलो ते क्रमानं लिहितोय, ज्याला चेहरा थोडाफार काढता येतो त्याला हे सगळं घरी करता येईल.

आधी शब्दाचं सांगतो कारण त्यातच अर्धी पद्धत आहे. कॅरिकेचर हा शब्द इटालियन ‘कारिकारे’वरून आला, म्हणजे भार टाकणं, लादणं. सोळाव्या शतकाच्या शेवटाला बोलोन्याचा आनिबाले कराची आणि त्याच्या घरातले चित्रकार गंमत म्हणून ओळखीच्या लोकांचे असे चेहरे काढायचे तिथून तो रूढ झाला. आपल्या मराठीत त्याला अर्कचित्र म्हणतात, आणि मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो. अर्क काढायचा म्हणजे बाहेरून काही घालायचं नसतं, आहे तेच आटवायचं असतं. माझ्या पहिल्या चित्रात मी भार टाकत होतो, दुसऱ्यात अर्क काढला.

१. बघणं आणि परवानगी

लिओनार्दोबद्दल त्याचा चरित्रकार वासारीनं लिहून ठेवलंय की रस्त्यात वेगळा चेहरा दिसला की तो त्या माणसाच्या मागं दिवसभर फिरायचा आणि घरी येऊन आठवणीतून काढायचा. मागं फिरायचं सोडा, पण आठवणीतून काढायचं आजही करून बघा. समोर बसून काढताना आपण सगळंच काढतो, आठवणीत फक्त वेगळं असलेलं राहतं. आपल्या सोलापूरच्या मंगळवार पेठेच्या बाजारात तासभर हिंडून या, घरी आल्यावर कागदावर पाच चेहरे काढा, जे आठवेल ते तिथं आपोआप मोठं आलेलं असेल. ही सवय महिनाभर लावली तरी हात बदलतो.

मग एक माणूस निवडा आणि त्याला सरळ सांगा की मी तुमचा चेहरा जरा ओढूनताणून काढणार आहे, चालेल का. हे न सांगता करू नका. आणि जे माणसाच्या आजारातून, अपघातातून किंवा जन्मजात व्यंगातून आलंय त्याला हसायचं साधन करायचं नाही, यात मला अजिबात मधला मार्ग दिसत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्वेंटिन मात्सिस या फ्लेमिश चित्रकाराचं 1513 च्या सुमाराचं एका म्हाताऱ्या बाईचं चित्र आहे, ‘अग्ली डचेस’ या नावानं जगभर प्रसिद्ध, वर चढलेला ओठ, फुगलेलं कपाळ, सुरकुतलेल्या छातीवर तरुण बाईसारखा कपडा. चित्र बहुतेक म्हाताऱ्यांच्या नटण्यावर टीका म्हणूनच काढलं होतं, पण आता काही डॉक्टर म्हणतात की तो हाडाचा पॅजेट नावाचा आजार असावा, आणि हे एकदा ऐकलं की आपण त्या चित्रासमोर पहिल्यासारखं हसू शकत नाही. तरीपण त्यातून शिकण्यासारखं खूप आहे, त्यावर रंगाच्या भागात येतो.

२. फोटो आणि उजेड

समोर बसवून काढता आलं तर उत्तम, पण म्हातारी माणसं तासभर बसत नाहीत म्हणून फोटो लागतातच. फोटो पाच-सहा फुटांवरून, थोडा झूम करून काढा. मोबाईल एक फुटावर नेला की नाक फुगतं, कान मागं जाऊन बारीक होतात, ते त्या माणसाचं वैशिष्ट्य नसून अंतराचा परिणाम असतो, आणि नवशिके तोच परिणाम खरा समजून चित्रात उतरवतात. समोरून, बाजूनं आणि तीन-चतुर्थांश म्हणजे मान थोडी वळवलेला असे तीन तरी घ्या, शिवाय माणूस बोलताना, ऐकताना, चहा पिताना वीस-पंचवीस असेच काढून ठेवा, खरा चेहरा या दुसऱ्या गठ्ठ्यात सापडतो.

उजेड दाराचा घ्या, सकाळी नऊ-दहाच्या आतला. आपल्याकडं मार्चपासून दुपारी ऊन इतकं डोक्यावर येतं की डोळ्यांच्या खोबणी नुसत्या काळ्या पडतात, आणि ट्यूबलाइटखाली सगळ्या सुरकुत्या पुसल्या जातात. बाजूनं येणारा उजेड कातडीचा प्रत्येक चढउतार दाखवतो. खालून टॉर्च मारून भुतासारखा चेहरा करायचा मोह होईल, एकदा करून बघा आणि सोडून द्या, कारण खालून उजेड मारला की कुणाचाही चेहरा तसाच दिसतो, मग त्यात त्या माणसाचं काय राहिलं.

३. माप, इथं घाई नको

दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे, तिथं 1018 सालचा मराठी शिलालेख आहे म्हणून बहुतेक लोक जातात. तिथंच ते बहुमुखी शिवलिंग आहे, ओळीओळीनं 359 मुखं कोरलेलं. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसलो होतो. एकदम इतके चेहरे बघितले की एकेक वेगळा दिसत नाही, मनात एकच सरासरी चेहरा तयार होतो. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असा एक सरासरी चेहरा आयुष्यभर माणसं बघून बघून तयार झालेला असतो, आणि नवा माणूस दिसला की आपण नकळत त्याच्याशी ताडून बघतो. सुझन ब्रेनन हिनं 1980 च्या दशकात याच तत्त्वावर कॉम्प्युटर प्रोग्राम केला होता : सरासरी चेहरा घ्यायचा, माणसाचा चेहरा त्यावर ठेवायचा, जिथं जिथं फरक आहे तो फरक वाढवायचा. पुढं प्रयोगांत असं दिसलं की ओळखीच्या माणसाचं असं वाढवलेलं रेखाचित्र लोक जशाच्या तशा चित्रापेक्षा लवकर ओळखतात.

हेच आपण पट्टीनं करायचंय. सरासरीची मापं साधी आहेत आणि आपल्या जुन्या शिल्पशास्त्रातही तीच सापडतात : तिथं चेहरा बारा अंगुळांचा, त्याचे चार-चारचे तीन सारखे भाग, केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत एक, भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत दुसरा, तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. याशिवाय डोळे पूर्ण डोक्याच्या उंचीच्या मधोमध, चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांच्या मधे एका डोळ्याची जागा, कान भुवई ते नाकाचा तळ एवढा.

आता आजोबांचं घ्या. समोरच्या फोटोची प्रिंट मी चेहरा 24 सेंटिमीटर येईल अशी काढली, म्हणजे सरासरीनं तिन्ही भाग 8-8-8 पाहिजेत. मोजल्यावर आलं 8.5, 9 आणि 6.5. खालचा भाग आखूड का, तर दात गेले की जबड्याचं दात धरून ठेवणारं हाड झिजतं, जबडा जास्त मिटतो आणि हनुवटी वर नाकाकडं सरकते. मधला भाग लांब कारण वयानं नाकाचा शेंडा खाली उतरतो. फरक लिहून काढा : अर्धा जास्त, एक जास्त, दीड कमी. आता फरक दुप्पट करा : एक जास्त, दोन जास्त, तीन कमी, म्हणजे 9, 10 आणि 5. बेरीज करून बघा, 24 च येते! हे फार महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या चित्रात माझी चूक हीच होती की मी सगळंच वाढवलं. एका ठिकाणी वाढवलं की दुसरीकडं कमी झालंच पाहिजे, तरच ताण दिसतो. मी तिप्पटही करून बघितलं, 9.5, 11, 3.5, तिथं मात्र ओळख सुटली. प्रत्येक चेहऱ्याची सुटायची जागा वेगळी असते, ती करूनच कळते.

कानाचंही तसंच मोजलं, सरासरीत मधल्या भागाएवढा म्हणजे 8 पाहिजे तो 9.5 भरला. फरक दीड, दुप्पट केला तर 11.

मापं झाली की ठरवा : एक राजा, एक प्रधान, बाकी रयत. चेहऱ्यात चार-पाच गोष्टी वेगळ्या सापडतीलच, पण राजा एकच करायचा. तो निवडताना फक्त पट्टीचं ऐकू नका. आजोबांच्या चेहऱ्यात मापानं खालचा भागही कानाएवढाच वेगळा होता, पण मी राजा केला कानाला, कारण त्यांचं आयुष्य त्या कानातून गेलंय. मिटलेलं तोंड प्रधान. डोळे, गाल मापात होते तसेच ठेवले.

४. छोटी चित्रं

कॅनव्हासला हात लावायच्या आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर दहा-बारा चित्रं, प्रत्येकाला पाच मिनिटं, जाड चारकोलनं म्हणजे बारीक काम करताच येणार नाही. पहिल्या तीनमध्ये नुसता डोक्याचा बाहेरचा आकार शोधा. शेंगेसारखा, वांग्यासारखा, विटेसारखा, कंदिलासारखा, असं काहीतरी एक नाव त्याला देता आलं पाहिजे. आजोबांचं डोकं मला वर रुंद आणि खाली एकदम निमुळतं, भोवऱ्यासारखं दिसलं, आणि एकदा भोवरा सापडल्यावर बाकी सगळं त्यातच बसवत गेलो. हा आकार चुकला तर आतलं कितीही बरोबर काढा, उपयोग नाही. ही पायरी लोक गाळतात आणि मग कॅनव्हासवर चार दिवस खोडत बसतात.

५. कवटी सोडू नका

मास ओढलं जातं, हाड कमी ओढलं जातं, हे सूत्र कायम डोक्यात ठेवा. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, ओठ, पापण्या, गळ्याची कातडी हवी तेवढी ओढा. डोळ्यांची खोबण, गालाचं हाड, कानशील, जबड्याचा सांधा यांचं एकमेकांशी नातं मात्र टिकवा. कान 11 सेंटिमीटरचा केला तरी तो जबड्याच्या सांध्यामागंच उगवला पाहिजे, नाहीतर तो चिकटवलेला वाटतो. आणि लांबवलेल्या प्रत्येक गोष्टीला वजन द्या : मोठं नाक खाली लोंबेल, मोठ्या पाळीला मुरड पडेल.

हाडसुद्धा मोडणारे चित्रकार आहेतच. गोव्यात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा, त्याच्या चेहऱ्यांत डोळे थेट कपाळावर चढलेले असतात आणि तरी ती चित्रं अंगावर येतात. त्यानं 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या ज्या गटाची सुरुवात केली त्यातच आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते. पण सूझाला एखादा ठरावीक शेजारी ओळखू यायला नको होता, त्याला माणूसजातच तशी दाखवायची होती. आपलं काम पोर्ट्रेटचं आहे.

हाड मोडलेल्या चेहऱ्याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण तुम्ही ओलांडून गेलेला असाल, जुन्या मंदिरांच्या उंबरठ्यावरचं कीर्तिमुख. बटबटीत डोळे, फुगलेले गाल, खालचा जबडा बहुतेक वेळा नाहीच, कारण कथेप्रमाणं शंकराच्या आज्ञेवरून त्यानं स्वतःलाच खाऊन टाकलं आणि नुसता चेहरा उरला. दगडात डोळा कसा फुगवलाय ते जवळून बघा, वरची पापणी जाड आणि भुवईचा कंस थेट तिच्यावर टेकलेला. डोळे मोठे करायचे असतील तर नुसतं बुबुळ मोठं करून चालत नाही, त्याच्याभोवतीचा सगळा डोंगर उभा करावा लागतो, हे मला तिथं कळलं.

६. हावभाव

अठराव्या शतकात मेसरश्मिट नावाचा शिल्पकार होता, आधी व्हिएन्नात आणि शेवटी प्रेसबुर्गला म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला. त्यानं 1770 ते 1783 या काळात साठाच्या वर डोकी केली, कुणी किंचाळतंय, कुणी नाक मुरडतंय, कुणी ओठ गिळून बसलंय. त्याला भेटून आलेल्या एकानं लिहिलंय की तो स्वतःला चिमटे काढायचा आणि आरशात बघून काम करायचा. चिमटे नकोत, पण आरसा घ्याच. माणसाचा जो हावभाव रंगवायचाय तो स्वतःच्या चेहऱ्यावर आणा आणि बोटं ठेवून कुठं ताण येतो ते चाचपा. कपाळाचा स्नायू वर ओढला की आडव्या रेघा पडतात, भुवया जवळ आल्या की मधे उभ्या. खरं हसू असलं की डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि कडेला चिरे पडतात, खोट्या हसण्यात नुसते ओठाचे कोपरे वर जातात. सुरकुती नेहमी स्नायूच्या ओढीला आडवी पडते, एवढं लक्षात ठेवलं तरी जाळं काढल्यासारख्या कुठंही काढलेल्या रेघा बंद होतील.

७. रंग

मी 16 बाय 20 इंची कॅनव्हास वापरतो, तेलरंग. ज्यांना ॲक्रिलिक करायचंय त्यांनी एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं 40 च्या वरचं तापमान लक्षात घ्या, पॅलेटवरचा रंग ब्रश उचलेपर्यंत सुकतो. ताटात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असं केलं की दोन-तीन तास टिकतो. ब्रश पुसायला टॉवेलचे कटपीस आपल्या गावात मिळतातच, पाणी-तेल मस्त शोषतात, फक्त त्यानं कॅनव्हास पुसू नका, धागे चिकटतात, त्याला जुनं धोतर बरं.

रंग सातच : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन. काळा घेऊ नका, अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून त्याच्यापेक्षा जिवंत काळा होतो. पहिला थर नुसत्या अंबरचा, टर्पेंटाइननं पातळ केलेला, आणि त्यात तीनच छटा, उजेड, मधला, सावली. डोळे बारीक करून बघा, चेहरा त्या तीन छटांतच ओळखू आला पाहिजे. पुढचे थर चढत जातील तसं तेल वाढवत न्या, उलटं केलंत तर वरचा थर आधी सुकून तडकतो.

वरचा रंग चढवताना मापाचाच नियम लावा. कोणत्याही चेहऱ्यात कपाळ जरा पिवळट, नाक-गाल-कान तांबूस आणि दाढीचा भाग करडा-हिरवट असतो. सावळ्या कातडीत हे फरक दबलेले असतात पण असतात, शिवाय तुकतुकीत भागावर आभाळाचा निळा झाक येतो. हे फरक शोधा आणि दुप्पट करा. आजोबांच्या कानामागून दाराचा उजेड येत होता, आणि मागून उजेड आला की कानाची पातळ कातडी आतून लाल पेटल्यासारखी दिसते, तिथं मी व्हर्मिलियनमध्ये क्रिमसन घालून जवळजवळ शुद्धच लावला आणि बाकी सगळा चेहरा सिएना-ऑकरच्या मातकट रंगात ठेवला. सगळीकडं लाल फासला असता तर कान मेला असता. कडांचंही असंच, राजाच्या कडा धारदार, बाकीच्या मऊ, जाड ब्रशनं विरवलेल्या.

आता मात्सिसची गोष्ट. त्याची ती म्हातारी एवढी खरी वाटते कारण तिच्या कातडीवर, डोक्यावरच्या कापडावर, हातावर त्यानं एखाद्या राणीचं चित्र करताना घ्यावी तेवढीच मेहनत घेतलीय. आकार ओढलेला असला की रंगकाम सैल केलं तरी चालतं असं पुष्कळांना वाटतं, माझा अनुभव बरोबर उलटा आहे. आकार जेवढा अशक्य, तेवढा उजेड आणि कातडी खरी पाहिजे.

८. तपासणी

आरशात उलटं बघा, तिरकेपणा लगेच सापडतो. चित्र डोक्यावर उलटं करून बघायची जी सवय असते ती रंगछटांसाठी ठीक आहे, पण चेहरा किती ओढला गेलाय हे उलट्या चित्रात कळत नाही. 1980 मध्ये पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञानं ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत डोळे आणि तोंड उलटे बसवून दाखवलं होतं, फोटो उलटा धरला की काही वावगं वाटत नाही आणि सुलटा केला की अंगावर काटा येतो. उलट्या चेहऱ्यात मेंदू एकेक भाग सुटा वाचतो, त्यांचं नातं वाचत नाही. म्हणून विद्रूपपणाचा अंदाज कायम सुलट्यातच, आणि रात्री थांबवून सकाळी ताज्या डोळ्यांनी.

मग ओळखणाऱ्याला दाखवा, काही न सांगता. तीन सेकंदांत नाव आलं पाहिजे. नाव आलं पण माणूस नुसता हसला, तर थोडं मागं या. आणि शेवटी ज्याचं चित्र आहे त्यालाही दाखवायचं, हे टाळू नका. आजोबांनी बराच वेळ कॅनव्हास दाराशी धरून बघितला आणि म्हणाले, ‘कान काढलास ते बरं केलास बघ, पण दात दोन हायत की माझे, एकच काढलास.’ मी फोटो परत काढून बघितले, आत डावीकडं दुसरा होता, सावलीत गेलेला. अंबरवर ऑकरचा एक ठिपका दिला आणि मिटलेल्या तोंडाचा सगळा तोल बदलला.

सुकवायला चित्र गच्चीवर उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका, वरून सुकतं आणि आत ओलं राहतं. अंधाऱ्या खोलीतही नको, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. वारा आणि उजेड असलेल्या भिंतीला, धूळ बसू नये म्हणून वरून जरा पुढं झुकवून टेकवा, आणि व्हार्निश सहा महिन्यांनी.